वर्धेहून जेट्टीवर : डॉकिंग सिस्टिमच्या कामाला लागतानाचे नऊ महिने

आज धुळवड. चार दिवसांच्या सुट्टीवर गावी आले आहे आणि काल होळी पेटल्यापासून दहा जणांनी तरी विचारलं, "जहाजावर करतं काय वं तू?" जहाजावर मी नसते. जहाज धक्क्याला लागताना ते किती लांब आहे, किती वेगाने येतंय आणि सरळ येतंय की तिरकं, हे लेझरने मोजून पायलटला, म्हणजे बंदरात जहाज आत आणणाऱ्या वाटाड्याला, दाखवणारी यंत्रणा जेट्टीवर असते. तिला डॉकिंग सिस्टिम म्हणतात. ती बसवण्याच्या आणि चालू ठेवण्याच्या कामावर मी आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या तंत्रनिकेतनातल्या दोघींचे फोन आले. त्यांनाही अशाच कामाचं बोलावणं आलंय आणि कागदांची यादी बघूनच त्या हबकल्या आहेत. मीही हबकले होते, आणि तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. म्हणून जसं झालं तसं, तारखांसकट लिहिते. कंपनीचं आणि टर्मिनलचं नाव लिहीत नाही. तेल उतरवणाऱ्या जेट्टीच्या गोष्टी उघड्यावर मांडायच्या नसतात, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात.

आमचं गाव सेलू तालुक्यात. समुद्र इथून साडेसातशे किलोमीटरवर. सिंदी रेल्वेजवळ ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्राविना जमिनीवरचा बंदरासारखा मालाचा तळ, होणार, हे गावात बरीच वर्षं बोललं जातं, बंदराशी आमचा संबंध तेवढाच. ११ जून २०२४ला फोन आला तेव्हा मृग लागून चार दिवस झाले होते आणि घरी सरकी टोबायची घाई होती. माझा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं. १४ तारखेला व्हिडिओवर मुलाखत ठरली. रेंज फक्त विहिरीजवळच्या लिंबाखाली येते, म्हणून तिथे बाज टाकून बसले. पहिलाच प्रश्न होता, सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअर का असतो, ० ते २० का नाही? हे मला येत होतं. तार तुटली तर करंट शून्य होतो. म्हणून सगळ्यात कमी मोजमाप ४ वर धरतात, म्हणजे 'काही नाही' आणि 'तार तुटली' यांतला फरक कळतो. मग विचारलं, उंचीवर चढाल का? चढेन म्हटलं. पोहता येतं का? नाही म्हटलं. ते खरं सांगितलं तेच बरं झालं, कारण माझ्या कामाला पोहणं येण्याची अट नव्हती; लाइफ जॅकेटशिवाय जेट्टीच्या कडेला पाऊल टाकायचं नाही, ही अट मात्र सगळ्यांना होती.

२४ जूनला ईमेल आला. नोकरी पक्की, पण कागद पूर्ण झाल्यावरच रुजू व्हायचं. यादीत चौदा गोष्टी होत्या. त्यातल्या अकरा घरात होत्या. उरलेल्या तिघींनी साडेतीन महिने खाल्ले.

पहिली, नाव. दहावीच्या मार्कशीटवर बाबांचं नाव 'राव' लावून आहे, माझ्या आधारवर बिना 'राव'चं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. गावात काही अडत नाही, बंदराच्या पासाला अडतं, कारण तिथे प्रत्येक कागदावरचं अक्षर न् अक्षर जुळवतात. २६ जूनला तालुक्याच्या आधार केंद्रावर गेले, ५० रुपये फी भरली. ८ जुलैला दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला. इथे एक करा: आधार, पॅन, मार्कशीट, टीसी आणि बँकेचं पासबुक एका ओळीत ठेवून एखाद्या मैत्रिणीला मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही.

दुसरी, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. १० जुलैला ऑनलाइन अर्ज केला. आधी गावच्या पोलीस पाटलांकडे गेले. ते म्हणाले, "तुले लहानपणापासून पायतो मी, पण लिवून तं द्याच लागते न." त्यांनी शिक्का मारून दाखला दिला, आईने चहा पाजला. १ ऑगस्टला ठाण्यातून फोन आला, दोन साक्षीदार घेऊन या. बाबा त्या दिवशी फवारणी सोडून आले. हवालदार दादांनी नीट विचारपूस केली, पण एक गोष्ट अर्जात राहून गेली होती. डिप्लोमाची तीन वर्षं मी दुसऱ्या जिल्ह्यात वसतिगृहात होते. मग तिकडच्या ठाण्याचाही अहवाल लागला, आणि तो यायला एकोणीस दिवस गेले. मागच्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते पहिल्याच दिवशी भरा. मी ते भरले असते तर ऑगस्टमध्येच मोकळी झाले असते. दाखला हातात आला तो ४ सप्टेंबरला, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. झेरॉक्स, फोटो, एसटीच्या चकरा धरून या एका कागदाला सातशेच्या वर खर्च आला.

तिसरी मेडिकल. ही सगळ्यात जड गेली. ९ सप्टेंबरला, घरी महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी, नागपूरला जाऊन तपासण्या केल्या. १,८५० रुपये माझेच गेले, पुढे पगारात परत मिळाले, म्हणून पावती जपून ठेवा. छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी, डोळे मिटून सरळ रेषेत चालणं, आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखणं. हे शेवटचं का, ते पुढे कळलं. जेट्टीवरच्या बोर्डाला लाल, पिवळे, हिरवे दिवे असतात. ते सगळं नीट झालं, आणि रक्तात हिमोग्लोबिन निघालं ९.२. कंपनीची अट १०ची होती. डॉक्टरांनी लिहिलं, तात्पुरतं अपात्र, चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

त्या रात्री मी जेवले नाही. घरात पाहुणे, आई सोळा भाज्या निवडतेय, आणि मी मागच्या खोलीत. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माह्यंबी कमीच निघते." गावातल्या किती बायांचं कमी निघतं आणि कोणीही ते मोजत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या. आशाताईंनी सांगितलं, चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे. ७ ऑक्टोबरला पुन्हा तपासलं, १०.३. मुलींनो, बोलावणं येण्याची वाट न बघता आजच रक्त तपासून घ्या. माझा एक महिना यात गेला, आणि त्यात कोणाचीच चूक नव्हती.

तोवर सोयाबीन निघालं होतं. मुंबईकडे राहायची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं धरून साडेनऊ हजार लागणार होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, पण ओलावा जास्त आणि हातात वेळ नाही, म्हणून बाबांनी दोन पोती ४,१००च्या भावाने व्यापाऱ्याला घातली. उरलेले आईने बचत गटातून उचलले. ते कर्ज मी जानेवारीत फेडलं.

१३ ऑक्टोबरच्या रात्री वर्धेहून सेवाग्राम एक्स्प्रेसने निघाले. १४ तारखेला, सोमवारी, रुजू झाले. पनवेलकडे दोन मुलींसोबत एक खोली घेतली, महिना ४,५००. दुसऱ्याच दिवशी बंदराच्या पासाचा अर्ज भरला आणि कळलं की पास येईपर्यंत आत जाता येत नाही. याचं कारण समजून घेतलं की राग कमी होतो. १ जुलै २००४पासून जगभर आयएसपीएस नावाची सुरक्षासंहिता लागू आहे. परदेशी जाणारी जहाजं जिथे लागतात त्या प्रत्येक बंदराला आत कोण येतं-जातं याचा हिशेब ठेवावा लागतो. माझा अर्ज एकदा परत आला, कारण कंपनीच्या पत्रात गावाचा पिनकोड चुकला होता. पत्र टाइप करणाऱ्याच्या शेजारी बसून ते तपासायला हवं होतं. पास मिळाला २८ ऑक्टोबरला.

मधले दोन आठवडे मात्र वाया गेले नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आम्हा तिघा नव्यांना तिथल्या सरांनी सगळं मुळापासून शिकवलं, आणि या कामाशी माझं खरं नातं जुळलं ते तिथेच. पहिल्या दिवशी त्यांनी दोन चित्रफिती दाखवल्या. एक इटलीतल्या जिनोआ बंदराची. ७ मे २०१३ला 'जॉली नेरो' नावाचं जहाज वळताना धक्क्यावरच्या नियंत्रण मनोऱ्याला धडकलं, मनोरा कोसळला आणि नऊ माणसं गेली. दुसरी दक्षिण कोरियातल्या बुसानची. ६ एप्रिल २०२०ला 'मिलानो ब्रिज' हे रिकामं कंटेनर जहाज धक्क्याकडे येताना क्रेनला लागलं आणि अख्खी क्रेन पत्त्यांच्या घरासारखी खाली आली. आवाज बंद करून दाखवल्या तरी आम्ही तिघंही गप्प झालो.

मग सरांनी गणित घातलं. एक लाख टनांचं जहाज सेकंदाला फक्त १० सेंटिमीटर वेगाने धक्क्याकडे सरकतंय. मुंगीच्या चालीपेक्षा थोडं जास्त. त्यात ऊर्जा किती? वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. मी वहीत मांडलं : ५०० किलोज्यूल. सर म्हणाले, आता दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी ३६ किलोमीटरने धर. तेही ५०० किलोज्यूलच आलं. आता जहाजाचा वेग १०चा २० कर. ऊर्जा चौपट, म्हणजे तोच ट्रक ताशी ७२ने येऊन भिंतीवर. आणि हे नुसत्या जहाजाचं. जहाजासोबत त्याच्या बाजूचं पाणीही सरकत असतं, त्याचा भार वेगळा मोजावा लागतो. धक्क्याला लावलेले रबरी फेंडर ही ऊर्जा पोटात घेतात, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. म्हणून शेवटच्या पन्नास मीटरमध्ये १० आणि २० सेंटिमीटर यांतला फरक कळायला हवा, आणि तो डोळ्यांना कळत नाही. जहाज दोनशे मीटर लांब, पायलटची उभं राहायची जागा बहुतेकदा पार मागे आणि चार-पाच मजले वर. पुढचं टोक धक्क्यापासून किती आहे हे तिथून नीट दिसत नाही, आणि पुढचं टोक एका वेगाने, मागचं दुसऱ्याच वेगाने येत असतं.

त्या रात्री बाबांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "जहाजाले बिरेक नसते?" नसतो. इंजिन उलटं फिरवतात, आणि शेवटी टग, म्हणजे छोट्या पण ताकदवान बोटी, ढकलून-ओढून त्याला आडवं धक्क्याला आणतात. बाबा थोडं थांबले आणि म्हणाले, "मंग ट्रॉली मांगं घेतो तसंच झालं. मांगं उभा रायनारा पायजे, येऊ दे, येऊ दे, बस म्हननारा." जिनिंगमध्ये कापसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना ते स्वतः कायम मागे उभे राहतात. मी दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं, आणि त्यांनी ते पुढच्या तुकडीला शिकवताना वापरलं.

यंत्रणा अशी असते. जेट्टीवर दोन लेझर, एक जहाजाच्या पुढच्या बाजूसाठी, एक मागच्या. लेझरची सूक्ष्म झळक निघते, जहाजाच्या अंगाला लागून परत येते, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. दीडशे मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला एक मायक्रोसेकंद लागतो, तेवढ्यातला फरक ती पेटी मोजते. लागोपाठच्या अंतरांवरून वेग, दोन अंतरांच्या फरकावरून जहाज किती तिरकं आहे तो कोन. डोळ्याला इजा होणार नाही अशा प्रतीचाच लेझर वापरतात, कारण समोर जहाजावर माणसं उभी असतात. हे सगळं धक्क्यावरच्या मोठ्या आकडी बोर्डावर दिसतं आणि पायलटच्या हातातल्या उपकरणावरही जातं. पायलट अनेकदा स्वतःचं जीपीएसवर चालणारं युनिटही सोबत घेऊन चढतात. ते जहाजावरून धक्का बघतं, आमचं धक्क्यावरून जहाज बघतं. दोन्हींचे आकडे जुळले की त्यांना हायसं वाटतं, असं एका पायलट कॅप्टननी मला सांगितलं.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. पहिला दिवस आत. त्या आठवड्यात जेट्टीवर जहाज नव्हतं आणि केबल ओढायला तेवढीच मुदत मिळाली होती, त्यामुळे दिवाळीला घरी जाता आलं नाही. फाटकावर मोबाइल, पॉवर बँक, ब्लूटूथचं घड्याळ, सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. तेलाच्या जेट्टीवर ठिणगीची शक्यतासुद्धा चालत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरचे फोन करत राहिले आणि मी साडेआठला बाहेर आल्यावर अकरा मिस कॉल पाहिले. तुमच्या घरी आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही. मी सांगितलं नव्हतं, आई घाबरून शेजारी गेली होती.

कपड्यांचं आणि बुटांचं लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. स्टोअरमध्ये मिळालेला सगळ्यात लहान सेफ्टी शू ६ नंबरचा होता, माझा पाय ४चा. दोन जोड मोजे घालून पहिला आठवडा काढला आणि शिडीवर एकदा पाय सटकला. हार्नेस, म्हणजे अंगाचा सुरक्षापट्टा, बांधलेला होता, काही झालं नाही, पण हात दिवसभर थरथरत होते. मग १,४५० रुपयांना माझ्या मापाचे लोखंडी टोकाचे बूट पनवेलला घेतले. स्वतःच्या मापाचे बूट पहिल्या दिवसापासून न्या. स्वच्छतागृह जेट्टीच्या टोकाला नसतं, मागे ट्रेसलवरून, म्हणजे जेट्टीला किनाऱ्याशी जोडणाऱ्या पुलावरून, किलोमीटरभर चालत यावं लागतं. पाणी पिणं कमी करू नका, हे मी मुद्दाम लिहिते. तिथल्या मूरिंग गँगच्या, म्हणजे जहाजाचे दोर बांधणाऱ्या टोळीच्या, मुकादमांना सांगितलं तर गाडी मिळते. ते उरणकडचे आगरी काका, पहिल्या दिवसापासून मला "पोरी" म्हणतात आणि दोरांच्या रेषेत उभं राहिलेलं कोणालाच खपवून घेत नाहीत. ताणलेला दोर तुटला तर तो परत येताना माणूस कापतो.

रोज सकाळी वर्क परमिट, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची लेखी परवानगी. काय काम, कुठे, कोण, किती वाजेपर्यंत, वायूची चाचणी झाली का. सही करणारे अधिकारी पाळी बदलायच्या वेळी मिळत नाहीत, म्हणून पावणेआठला खिडकीपाशी उभं राहायचं. एकदा आम्ही सव्वाआठला पोचलो आणि परमिट साडेअकराला मिळालं, अर्धा दिवस गेला. लेझरची प्रत्येक पेटी स्फोटरोधक असते. झाकणाचा एक बोल्ट जरी ढिला राहिला तरी ती स्फोटरोधक राहत नाही, त्यामुळे बोल्ट मोजून, ठरलेल्या जोराने आवळून, नोंद करायची.

लेझर बसवायची उंची ठरवणं हे मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्याला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. भरलेलं जहाज ओहोटीला खाली बसलेलं असतं, रिकामं जहाज भरतीला घराएवढं वर. दोन्ही वेळी किरण जहाजाच्या अंगावरच पडला पाहिजे, आणि तोही सपाट भागावर, कारण पुढे-मागे जहाज वळत गेलेलं असतं. तिथे किरण पडला तर अंतर भलतंच येतं. यासाठी आम्ही पंधरा दिवस वेगवेगळ्या जहाजांची मापं घेत होतो.

३ डिसेंबरला माझ्या हातून चूक झाली. लेझर फेंडरच्या रेषेपासून थोडे मागे असतात, ते मागचं अंतर मोजून यंत्रणेत वजा करावं लागतं. पुढच्या लेझरचं होतं २.१० मीटर, मागच्याचं ३.६०. मी ते भरताना अदलाबदल केली. दुपारी फेंडरला टेकून उभ्या असलेल्या जहाजावर चाचणी घेतली तर बोर्डावर पुढची बाजू उणे दीड मीटर आणि मागची अधिक दीड. दोन लेझरमध्ये ७५ मीटर अंतर, म्हणजे सरळ उभं जहाज सव्वादोन अंशांनी तिरकं दिसत होतं. माझ्या पोटात गोळा आला. हाच आकडा खऱ्या वेळी पायलटने पाहिला असता तर त्याने सरळ येणारं जहाज वळवायला टगला सांगितलं असतं. सर रागावले नाहीत. त्यांनी टेप आणली, दोन्ही अंतरं पुन्हा मोजायला लावली, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने लिहिलेलं परत मोठ्याने वाचायचं. आधार दुरुस्तीच्या वेळी मी जे शिकले होते तेच हे होतं, आणि मी ते इथे वापरलं नव्हतं. त्या दिवसापासून कुठलाही आकडा मी एकटीने भरत नाही.

पहिलं जहाज लागलं १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, पाण्याला ओढ होती. भरती पूर्ण व्हायच्या आधी, दुपारी, ते दिसायला लागलं. दोन टग बाजूला. सकाळीच मी दोन्ही लेझरच्या काचा धुतल्या होत्या. आधी गोड्या पाण्याने मीठ काढायचं, मगच मऊ कापड. कोरडं पुसलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

दोनशे मीटरच्या आत आल्यावर बोर्ड उजळला. वेग २२. सेकंदाला २२ सेंटिमीटर, मनात ट्रक येऊन गेला. शंभर मीटरला १६. पन्नासला ११, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा हळू. वायरलेसवर पायलट कॅप्टनचा आवाज आला, मागच्या टगने जोर कमी केला, आणि पुढच्या काही सेकंदांत दोन्ही आकडे जवळ आले. वीस मीटरला ८. दहाला ५. मग ते इतकं सावकाश आलं की आकडा नसता तर थांबलंय असंच वाटलं असतं. फेंडर दबले, जहाज जरा मागे सरलं, पुन्हा टेकलं. आवाज जवळजवळ झालाच नाही. मूरिंग गँगने दोर हुकांना घातले, त्या हुकांमध्येही ताण मोजायची सोय असते, तो आमच्याच पडद्यावर येतो. भरतीला किंवा तेल उतरून हलकं होताना जहाज वर चढतं आणि दोर ताणतात. त्या रात्री दोनदा ताणाची सूचना वाजली आणि दोनदा जहाजावरून दोर सैल केले गेले. पहाटे चारला मी बाहेर आले आणि बाबांना मेसेज टाकला : 'बस' म्हटलं, थांबलं.

करारात पाच जहाजं नीट लागल्याशिवाय अखेरची सही नव्हती. तिसऱ्या वेळी पहाटेच्या दाट धुक्यात, काळ्या ओल्या अंगाचं जहाज लेझरला १४० मीटरपर्यंत दिसलंच नाही. ते आम्ही अहवालात आहे तसं लिहिलं. धुकं, मुसळधार पाऊस आणि काळा रंग यांत लेझरची नजर कमी होते, आणि पायलटला हे आधी माहीत असणं आकड्यापेक्षा गरजेचं आहे. सही झाली २० फेब्रुवारीला. आता मी तिथेच देखभालीच्या पाळीवर आहे. सगळं कापून हातात १९ हजार येतात.

माझ्या पासाची मुदत एप्रिलअखेर संपतेय. नूतनीकरणाला पोलिसांचा दाखला ताजा लागतो, म्हणून या सुट्टीतच नवा अर्ज टाकणार आहे, या वेळी पनवेलचा पत्ताही भरून. सोमवारी सकाळच्या एसटीने सेलूला जातेय. फोन केलेल्या त्या दोघींनो, तुम्हीही या. टीसी, दहावीची मार्कशीट, आधार, वसतिगृहात राहिल्याचा दाखला आणि आठ फोटो घेऊन या. तिघींचे कागद तिथेच बाकावर एकमेकींना वाचून दाखवू.